जुन्या घराची डागडुजी : पाण्याचा माग आणि भाराचा हिशेब

प्रस्तुत पाठ मुंबईतील जुन्या चाळींविषयी आहे. हे पत्र बहुतांशी खेड्यापाड्यांतील मंडळींच्या हाती जाते, हे आम्ही विसरलो नाही. परंतु कोकणात काय किंवा देशावर काय, असे गाव विरळाच की ज्यातील एखादे तरी कुटुंब गिरगाव, दादर, परळ अथवा लालबाग येथे राहत नाही. मुलगा नोकरीतून निवृत्त होतो, फंडाची रक्कम हाती येते, आणि पहिला विचार निघतो तो घराचा. जुनी लादी काढून चकचकीत लादी बसवावी, पोटमाळा घालावा, मधली भिंत काढून खोली ऐसपैस करावी, असे बेत होतात. अशा वेळी गावाकडील वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारण्याची रीत आपल्यात अद्याप आहे. तो सल्ला कोणता द्यावा, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे. शिवाय पाणी आणि भार यांचे नियम मुंबईत एक व गावी दुसरे असे नाहीत. तेव्हा ज्यांचे घर कौलारू व मातीच्या भिंतीचे आहे त्यांनाही ह्यातील पुष्कळ गोष्टी उपयोगी पडतील.

पाठाचे तात्पर्य आरंभीच सांगून ठेवतो. जुन्या घराची दुरुस्ती म्हणजे त्यास नवे रूप देणे नव्हे. पाणी कोठून येते ते शोधून बंद करावे, आणि घराच्या अंगावर नवा भार घालू नये. ही दोन कामे झाली म्हणजे दुरुस्तीचा मोठा भाग झाला. ही न करता दिलेला रंग म्हणजे दुखण्यावर घातलेले पांघरूण होय.

१. ही घरे कशी बांधली आहेत

घर दुरुस्त करणाराने प्रथम ते कशाचे बांधले आहे हे जाणावे. मुंबईत १८९६ साली गाठीच्या प्लेगची साथ आली. दाट वस्तीतील कोंदट व अंधाऱ्या घरांकडे तेव्हा सरकारचे लक्ष गेले, आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या व कामकऱ्यांसाठी चाळीही बांधल्या. पुढे १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ज्यांस बीडीडी चाळी म्हणतात, त्या वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ज्यास ना. म. जोशी मार्ग म्हणतात त्या डिलाईल रोडवर उभ्या राहिल्या. त्या एकूण २०७ होत्या, आणि त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. ह्यांखेरीज गिरगाव, लालबाग व परळ येथे खाजगी मालकांनी व गिरण्यांनी बांधलेल्या चाळी पुष्कळ आहेत.

ह्या सर्व घरांच्या ढोबळ मानाने दोन जाती पडतात. पहिली जात लाकडी सांगाड्याची. खांब, तुळया व कड्या सागवानी. मधल्या भिंती विटांच्या व चुन्याच्या. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि त्यावर लादी. दुसरी जात काँक्रीटची. हिच्यात सिमेंट, खडी व रेती यांच्या पोटात लोखंडी सळया असतात. बीडीडी चाळी ह्या जातीच्या. लाकडी घराचा शत्रू ओल व वाळवी. काँक्रीटच्या घराचा शत्रू सळईचा गंज. दोघांचेही मूळ एकच, ते म्हणजे मुरलेले पाणी.

ही घरे इतकी जीर्ण का झाली, ह्याचे एक कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून ठेवली. गरीब भाडेकरूस त्याचा मोठा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि भाडे गोठले तरी गवंड्याची मजुरी व सागवानाचा भाव गोठला नाही. मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली. घरे पडू लागली तेव्हा १९६९ साली दुरुस्तीसाठी निराळा कायदा झाला. शहर भागातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसला व दुरुस्ती मंडळ अस्तित्वात आले. ते मंडळ आज म्हाडाचा एक भाग आहे. म्हणून चाळीत राहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की खांब, तुळया, जिने, छप्पर व सामायिक नळ ही साधारणपणे मालकाची अथवा मंडळाची बाब होय, आणि खोलीच्या आतील किरकोळ डागडुजी आपली. आपल्या कामाची हद्द ओळखणे हा दुरुस्तीचा पहिला धडा आहे.

२. पाण्याचा माग

येथे आमचीच एक चूक सांगतो. आम्ही लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असता मोरीजवळच्या छतावर ओलीचा डाग उमटला. वरच्या खोलीत एक वृद्ध मावशी राहत. आम्ही त्यांना म्हणालो, “मावशी, तुमच्या मोरीचे पाणी आमच्या घरात झिरपते आहे.” त्या म्हणाल्या, “अरे बाबा, माझी मोरी ठणठणीत आहे. ये वर आणि डोळ्यांनी पाहा.” आम्ही वर गेलो नाही. मनात राग धरला आणि रंगाऱ्यास बोलाविले. दोन वर्षे ओळीने डागावर रंग दिला. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री सुपाएवढा गिलावा खाली पडला, तो नेमका मुलाच्या अंथरुणावर. मूल त्या दिवशी आजोळी गेले होते, म्हणून आज ही गोष्ट लिहिता येते.

दुसऱ्या दिवशी एका अनुभवी गवंड्याने मावशींच्या मोरीचे तोंड बोळ्याने बंद करून तीत कपड्यांच्या निळीचे पाणी भरले. एक दिवस व एक रात्र वाट पाहिली. आमच्या छतास निळा थेंब आला नाही. मग त्याने तेच पाणी छपराच्या पन्हळीत ओतले, तेव्हा थोड्या वेळाने निळा ओघळ दिसला. पन्हळीचा नळ भिंतीच्या बाहेरून खाली येत होता. त्याच्या सांध्यात पिंपळाचे रोपटे वाढून सांधा फुटला होता. दोन वर्षे आम्ही एका निरपराध बाईशी अबोला धरला होता, आणि पाणी खरोखर येत होते ते आकाशातून. मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

तेव्हा वाचकांनी शेजाऱ्यावर आरोप करण्यापूर्वी व रंगाचा डबा उघडण्यापूर्वी पुढील परीक्षा कराव्या. ह्यांस खर्च जवळजवळ नाही.

पहिली परीक्षा पेन्सिलीची. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ काढून तारीख लिहावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावे. पाऊस पडला की डाग वाढतो व उघडीप झाली की आटतो, तर पाणी बाहेरून येते. बारा महिने सारखाच ओला राहतो, तर नळ अथवा सांडपाण्याची वाट फुटली आहे. स्नानाच्या वेळेनंतर वाढतो, तर मोरीचा संशय घ्यावा. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंतच भिंत ओली राहून तीवर पांढरा लोणा फुटतो, तर पाणी जमिनीतून वर चढत आहे.

दुसरी परीक्षा प्लास्टिकची. एक फूट लांबरुंद पातळ प्लास्टिक भिंतीस चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावे. एक दिवसाने पाहावे. भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस जमले तर ती स्वयंपाकाची व स्नानाची वाफ आहे. तीस दुरुस्ती नको, खिडकी उघडी पाहिजे.

तिसरी परीक्षा निळीची, जी वर सांगितली. मोरीत इंचभर पाणी एक दिवस ठेवावे, आणि खालच्या बिऱ्हाडास आधी सांगून, त्यांच्याच समक्ष ही परीक्षा करावी. समक्ष केलेल्या परीक्षेचा निकाल दोघांनाही मान्य करावा लागतो, आणि भांडण मिटते.

३. स्वहस्ते करण्याजोगी कामे

कुलाब्याच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस मोजला जातो. म्हणजे सपाट जागेवर पाणी साठून राहिले असते तर त्याची उंची उभ्या पुरुषाच्या डोक्यावरून गेली असती. एवढे पाणी वाहून जाण्यास वाट ठेवली नाही तर ते स्वतः वाट काढते. म्हणून मृग लागण्यापूर्वी, मे महिन्याच्या मध्यास, पुढील कामे उरकावी.

पन्हळी व छप्पर. पन्हळीतील पाने, कावळ्याच्या काटक्या, पतंगाचा दोरा व माती काढून टाकावी आणि दोन बादल्या पाणी ओतून ते खाली सुरळीत उतरते की नाही पाहावे. मंगलोरी कौलांचे छप्पर असेल तर फुटलेली कौले बदलावी. ही कौले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बासेल मिशनने मंगळूर येथे कारखान्यात पाडण्यास आरंभ केला, आणि तेथून ती सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यांच्या खाचा एकमेकांत बसतात; त्यामुळे एक कौल सरकले तर शेजारच्याचीही जागा सुटते. छपरावर एकट्याने कधीही चढू नये. पाय कौलाच्या मध्यावर न ठेवता खालच्या लाकडाच्या ओळीवर ठेवावा. उंच चाळीचे छप्पर तर त्या कामाच्या माणसासच सोपवावे.

भिंतीतील रोपटी. वड, पिंपळ व उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या भेगेत पडते. रोपटे वरून कापून समाधान मानू नये; मूळ आत राहिले की ते पुढल्या वर्षी दुप्पट जोराने फुटते. कोवळे असतानाच मुळासकट काढावे व भेग ताबडतोब चुन्याने भरावी. मूळ जाड होऊन भिंतीत शिरले असेल तर ओढू नये, कारण त्याबरोबर विटा येतील. ते गवंड्याचे काम आहे.

मोरी. लादीच्या सांध्यांतील जुना, भुसभुशीत माल टोकदार हत्याराने खरवडून काढावा, सांधे ब्रशाने धुवावे, दोन दिवस पूर्ण वाळू द्यावे, आणि मग सांधे भरण्याचा तयार माल दाबून भरावा. ओल्या सांध्यात भरलेला माल धरत नाही. बहुतेकांची चूक येथेच होते. मोरीचा उतार दर फुटास पाव इंच तरी असावा. नहाणी-ट्रॅपची जाळी रोज उचलून केस व भाताची शिते काढावी. चाळीतील निम्मी भांडणे ह्या जाळीपाशी सुरू होतात.

गिलावा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये, हा नियम पाठच करून ठेवावा. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत आलेली ओल तो बाहेर सोडतो, आणि घराचे लाकूड थोडेसे हलले तर तोही थोडासा सांभाळून घेतो. सिमेंटचा गिलावा कठीण व घट्ट. तो ओल आतच कोंडतो. वरून भिंत कोरडी दिसते आणि आत तुळईचे टोक कुजते. चार-सहा वर्षांत तो गिलावा जुन्या भिंतीची कातडी घेऊनच सुटतो. आपल्या आजोबांच्या काळी बैलाच्या घाणीत चुना मळीत, त्यात गूळ व हिरड्याचे पाणी घालीत; त्या भिंती आजही उभ्या आहेत. आज घाणी राहिली नसली तरी चुना मिळतो व त्याचे काम जाणणारे गवंडीही शोधल्यास मिळतात. लहान पोपडे पडलेल्या जागी सैल भाग काढून, विटा पाण्याने भिजवून, चुना व चाळलेली रेती यांचा गिलावा दोन पातळ थरांत द्यावा. पहिला थर धरल्यावर दुसरा, आणि आठवडाभर हलके पाणी मारावे. चुनकळी विझविताना पाणी उकळते व चुना उडतो. तेव्हा डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे असल्याखेरीज ते काम करू नये, आणि मुलांस जवळ येऊ देऊ नये.

लाकूड. वर्षातून एकदा तुळयांची टोके, जेथे ती भिंतीत शिरतात तेथे, तपासावी. हातोडीच्या दांड्याने ठोकावे. टणक आवाज आला तर लाकूड जिवंत आहे. भद आवाज आला तर आत पोकळी आहे. आरी टोचून पाहावी. ती अर्धा इंच सहज शिरली तर कूज लागली असे समजावे. वाळवीची मातीची नळी नुसती पुसून टाकू नये. ती कोठून येते ते शोधून तेथे औषध करवावे, नाहीतर ती दुसऱ्या बाजूने जाते.

वीज. ओल्या भिंतीवरील बटणास किंवा तारेस हात लावण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावे. जुन्या ओलसर खोलीत नव्या रंगापेक्षा ह्या यंत्राची गरज अधिक आहे.

४. भाराचा हिशेब

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. घरास नवी लादी घालणे ही गोष्ट निरुपद्रवी वाटते. हिशेब करून पाहू या. खोली १० फूट गुणिले १२ फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. जुनी लादी तशीच ठेवून तीवर दोन इंच सिमेंट-रेतीचा थर व त्यावर पाऊण इंच जाडीची दगडी फरशी बसविली, तर दर चौरस मीटरास सुमारे १०० किलो थराचे व ५० किलो फरशीचे, असे १५० किलो वजन वाढते. अकरा चौरस मीटरांस ते १,६५० किलो झाले. खेड्यातील वाचकांस समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर, पन्नास किलोंची तेहतीस पोती धान्य आपण जुन्या कड्यांवर कायमची रचून ठेवली. आजच्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीत माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरास सुमारे २०० किलो भार धरतात. म्हणजे खोलीत एकही माणूस पाऊल ठेवण्यापूर्वी त्या भाराचा पाऊण हिस्सा आपण फरशीसच देऊन टाकला. वरच्या तीन मजल्यांवर तिघांनी असेच केले तर तळच्या खांबाची काय अवस्था होईल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

पाण्याचेही तेच. एक लिटर पाणी एक किलो. दोनशे लिटरांचे पिंप पोटमाळ्यावर ठेवणे म्हणजे तीन धडधाकट माणसांस तेथे रात्रंदिवस बसविणे होय. पिंप ठेवणे अगत्याचेच असेल तर खोलीच्या मध्यावर न ठेवता, जाणत्यास विचारून, भक्कम भिंतीच्या कडेस ठेवावे.

म्हणून नवी लादी घालावयाची असेल तर प्रथम जुनी लादी व तिच्याखालचा माल काढून टाकावा, आणि नवे वजन जुन्याहून जास्त होणार नाही अशी पातळ लादी निवडावी. जुना माल काढताना मोठे घण वापरू नयेत. त्याच्या हादऱ्याने खालच्या बिऱ्हाडाचे छत सुटते.

मधली भिंत काढण्याचा बेत मात्र सरळ सोडून द्यावा. “ही भिंत नुसती आडोशाची आहे, हिच्यावर काही नाही,” असे सांगणारे कारागीर पुष्कळ भेटतात. बांधतेवेळी ती आडोशाची असेलही. पण साठ-सत्तर वर्षांत वरच्या कड्या वाकून तिच्यावर टेकलेल्या असतात, आणि ती भार उचलू लागलेली असते. हे डोळ्यांस दिसत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मेली. तिच्या तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते व तेथील खांबांस हात लावला गेल्याचा आरोप झाला. ती लाकडी चाळ नव्हती, जुनाट वाडाही नव्हता. वरच्या मजल्यांवरील माणसे आपापल्या घरी रोजच्या व्यवहारात होती. खालच्या एका जागेत काय चालले आहे, ह्यावर त्यांचे प्राण अवलंबून होते.

चाळीत आपली जमीन ही खालच्याचे छत असते, आणि आपले छत ही वरच्याची जमीन. तेव्हा ‘माझ्या खोलीत मी काय वाटेल ते करीन’ हे वाक्य चाळीत राहणाराच्या तोंडी शोभत नाही.

५. जेथे थांबावे

काही चिन्हे अशी आहेत की ती दिसताच स्वहस्ते दुरुस्ती करणे थांबवावे. काँक्रीटच्या छतात सळईच्या रेषेत लांब तडा पडणे, तांबूस डाग येणे, पोपडा पडून गंजलेली सळई उघडी दिसणे, हे पहिले चिन्ह. लोखंड गंजले म्हणजे ते मूळच्या दुपटीहून अधिक जागा घेते, आणि आतून जोर करून काँक्रीट फोडते. अशा जागी नुसता सिमेंटचा लेप मारला तर गंज आत चालूच राहतो, व पुढला पोपडा अधिक मोठा पडतो. तेथील सैल काँक्रीट काढून, सळई सर्व बाजूंनी घासून, गंजरोधक लेप देऊन, सळई फार झिजली असेल तर जोड देऊन मग योग्य माल भरावा लागतो. हे काम इंजिनिअरच्या देखरेखीखाली व्हावे.

भिंतीतील भेग जिवंत की मेलेली हे काचेने ओळखावे. पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करावी व तारीख लिहावी. काही आठवड्यांत काच तडकली तर घर हलत आहे. दारे-खिडक्या एकाएकी चौकटीत अडकू लागणे, जमीन एका बाजूस उतरणे, खांब फुगणे, रात्री लाकूड करकरणे व छतातून माती गळणे, हीही धोक्याचीच चिन्हे होत. ती दिसताच चाळीतील सर्वांस सांगावे, मालकास व मंडळास लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. प्रत्यक्ष पडझड सुरू झाली तर सामानाच्या मागे न लागता बाहेर पडावे, आणि महानगरपालिकेच्या आपत्ती कक्षास १९१६ ह्या क्रमांकावर कळवावे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची मजबुती तपासून घेणे मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतीस वर्ग देतात. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडण्याची. ‘सी-२’ च्या दोन पोटवर्गांत मोठी दुरुस्ती, त्यांपैकी पहिल्यात काही भाग रिकामा करावा लागतो. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. इमारत ‘सी-१’ ठरली असता आपल्या खोलीत नवी लादी घालणे हा पैशाचा व जिवाचा दोहोंचा नाश होय.

काहीजण ह्याच्या उलट म्हणतात, “इमारत नवी होणारच आहे, आता डागडुजी कशाला?” त्यांस वरळीचे उदाहरण सांगावे. तेथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले, आणि पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या ५०० चौरस फुटी घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या माणसांना तो दिवस मोठ्या आनंदाचा होता. परंतु मध्यंतरी आठ पावसाळे पुरे होऊन नववा चालू होता. ज्यांची पाळी अद्याप यावयाची आहे त्यांनी नव्या घराची आशा जरूर धरावी. पन्हळ मात्र यंदाच साफ करावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या घरात ओल कोणत्या महिन्यात वाढते व कोणत्या महिन्यात आटते? त्यावरून पाणी कोठून येत असावे?
२) पोटमाळ्यावर ठेवलेल्या सामानाचे अदमासे वजन काढा. त्यातील किती वस्तू गेल्या वर्षात एकदाही खाली उतरविल्या नाहीत?
३) आपल्या घरातील कोणती दुरुस्ती आपली, व कोणती मालकाची अथवा सर्वांची?
४) आपल्या घराच्या कामामुळे शेजाऱ्यास त्रास पोहोचतो का? त्यास आपण आधी विचारले होते का?

मुंबईस आपले कोणी असेल तर पुढल्या पत्रात त्यास चौथा प्रश्न अवश्य लिहून पाठवावा. आणि वर कोणी मावशी राहत असतील तर आधी वर जाऊन त्यांची मोरी आपल्या डोळ्यांनी पाहावी, असेही लिहावे.